टांगलेले ओझे

(मालेगाव तालुक्यातील एका गावच्या प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी धडा घेणार नाही. आज एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे. प्रश्न आपल्या वर्गातल्याच एका भावाचा आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. तो समोरच बसला आहे, आणि आत्ताच मान खाली घालून हसायला लागला आहे.

हा भाऊ मालेगावात यंत्रमागावर कामाला जातो. मागच्या सुट्टीत तो चार मित्रांबरोबर गाडी करून नर्मदेकाठी केवडियाला गेला होता. तिथे सरदार वल्लभभाई पटेलांचा मोठा पुतळा आहे. तो बघून आला आणि मला म्हणाला, "गुरुजी, त्या पुतळ्याच्या पोटात मोठाली वजने बसवली आहेत म्हणे. त्या वजनांमुळे पुतळा वाऱ्यात हलत नाही, भूकंपातही हलत नाही. मग मी पण तसेच करतो. माडीवर दोन हजार लिटरची टाकी ठेवतो. पाण्याची सोय होईल, आणि घराला वजनही होईल."

त्याने ऐकले ते खरे होते. पण त्याने काढलेला अर्थ अगदी उलटा होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. घरावरचे ओझे काय करते, ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आधी तेच सांगतो.

१९९३ साली मी तरुण शिक्षक होतो. त्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, लातूर जिल्ह्यात भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. औसा तालुक्यातले किल्लारी, तिकडे सास्तूर, आणि भोवतीची कितीतरी गावे काही क्षणांत पडली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत फार नुकसान झाले. उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे गेली.

आम्ही शाळेतून धान्य, कपडे, भांडी गोळा केली. ट्रकबरोबर मी गेलो. तिथे पोचल्यावर मी गाव शोधत होतो. गाव नव्हतेच. दगडांचे ढीग होते. गल्ली कुठे, ओटा कुठे, काही कळत नव्हते. एका ठिकाणी मात्र मला नवल वाटले. एका घराचे लाकडी खांब आणि तुळया जशाच्या तशा उभ्या होत्या. भोवतीच्या भिंती मात्र चारी बाजूंनी कोसळलेल्या. त्या भिंतीचा एक तुकडा अर्धवट उभा होता. तो मी जवळून पाहिला. भिंत अडीच-तीन फूट जाड. कोणाला वाटेल, किती मजबूत! पण ती एक भिंत नव्हतीच. ती दोन भिंती होत्या, एकमेकींकडे पाठ करून उभ्या. बाहेरच्या अंगाला एक दगडी तोंड, आतल्या अंगाला दुसरे दगडी तोंड, आणि मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही तोंडांना बांधणारा एकही आरपार दगड त्यात नव्हता.

आणि छपरावर माती. कुठे फूटभर, कुठे दोन फूट. वर्षानुवर्षे चढवत आलेली.

तो भूकंप सुमारे सव्वासहा मापाचा होता. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि थोडीच माणसे मरतात. इथे जमीन फाटून माणसे आत गेली नाहीत. माणसांवर त्यांचीच घरे पडली.

आता असे बघा. तुम्ही एस.टी.त उभे आहात. एस.टी. एकदम सुटते. तुमचे पाय गाडीबरोबर पुढे जातात, पण अंग मागेच राहते. तुम्ही मागे झोक खाता. डोक्यावर जर भरलेली पाटी असेल, तर झोक आणखी जोरात बसतो. भूकंपात हेच होते. जमीन एकदम बाजूला सरकते. घराचे पाय, म्हणजे पाया, तिच्याबरोबर सरकतो. पण डोके, म्हणजे छप्पर, मागे राहू बघते. छप्पर जितके जड, तितकी त्याची ओढ जास्त. ती सगळी ओढ भिंतींना सोसावी लागते. पुन्हा जमीन उलट्या बाजूला सरकते. पुन्हा ओढ. मातीत रचलेली दगडी भिंत ही ओढ किती वेळ सोसणार?

म्हणून माझ्या भावा, घरावर ओझे ठेवून घर स्थिर होत नाही. उलट ते पडायला सोपे होते.

मग त्या पुतळ्यात वजने का ठेवली? ती ठेवणारी माणसे काही वेडी नव्हती. त्या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार. त्यांचा जन्म आपल्या शेजारी, धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली झाला. सुतारकाम करणाऱ्या घरातला हा मुलगा. त्याच्या हातून १८२ मीटर उंचीचा पुतळा घडला. जगात त्याहून उंच पुतळा नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आपल्या खानदेशाला याचा अभिमान वाटला पाहिजे, पण आपल्याकडे पुष्कळांना हे ठाऊकच नसते. असो.

सरदार चालत आहेत, असा तो पुतळा आहे. एक पाऊल पुढे, एक मागे. त्यामुळे वर भव्य देह आणि खाली त्या मानाने बारीक पाय. आत काँक्रीटचे दोन उंच गाभे आहेत. त्यांतून लिफ्ट वर जाते. इतक्या उंचीवर वाऱ्याचा जोर फार. म्हणून इंजिनिअरांनी आत दोन मोठी वजने बसवली. एकेक वजन २५० टनांचे. म्हणजे २,५०० क्विंटल एक, आणि २,५०० क्विंटल दुसरे.

पण ती वजने नुसती ठेवून दिलेली नाहीत. ती आत हलू शकतील अशी बसवली आहेत. सगळी मेख इथेच आहे.

ही मेख समजायला आपण आखाजीच्या झोक्याकडे जाऊ.

आखाजीला आपल्याकडे लिंबाला, वडाला झोके बांधतात. मायबहिणींनो, तुम्हांला हे माझ्याहून चांगले माहीत आहे. झोक्याला आपला एक ताल असतो. आखूड दोरीचा झोका भरभर जातो-येतो. लांब दोरीचा झोका सावकाश जातो-येतो. त्यावर लहान पोर बसवा की मोठी बाई बसवा, ताल फारसा बदलत नाही. आता झोका द्यायचा कसा? झोका मागे येऊन वळतो, नेमक्या त्या वेळी हात लावायचा. हात हलकाच लागतो, पण दर वेळी तालावर लागतो. दहा-बारा हातांत झोका फांदीएवढा उंच जातो. तुम्ही बेताल ढकलत राहिलात, तर कितीही जोर लावा, झोका चढत नाही. उलट मोडतो.

घरालाही असाच ताल असतो. तुम्ही म्हणाल, घर कुठे झोके घेते? घेते. डोळ्यांना दिसत नाही इतकेच. मागांच्या गल्लीत ज्यांचे घर आहे त्यांनी हे पाहिले असेल. माग सुरू झाले की मांडणीवरची भांडी थरथरतात. पण सगळी सारखी वाजत नाहीत. एखादाच तांब्या किंवा एखादीच ताटली खणखण करते. मागांचा वेग जरा बदलला की ती गप्प होते आणि दुसरेच भांडे वाजू लागते. त्या भांड्याचा ताल आणि मागाचा ताल जुळला, म्हणून ते बोलले.

आपले बुटके घर फार भरभर थरथरते. एका सेकंदात अंदाजे दहा वेळा. दहा मजल्यांची इमारत सेकंदाला साधारण एक हेलकावा घेते. शंभर मजल्यांची इमारत एका हेलकाव्याला सहा-सात सेकंद लावते. लांब दोरीच्या झोक्यासारखी.

भूकंप जमीन हलवतो. जवळचा धक्का भरभर हलवतो. लांबच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा सावकाश येतात. ज्या इमारतीचा ताल त्या हलण्याशी जुळला, तिला दर वेळी तालावर हात बसतो. तिचा झोका चढत जातो.

मला २६ जानेवारी २००१ चा दिवस आठवतो. झेंडावंदन चालू होते. नऊ वाजायला चौदा मिनिटे कमी होती. गुजरातेत कच्छमध्ये भूकंप झाला. भूज कुठे आणि अहमदाबाद कुठे! दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. तरी अहमदाबादेत कितीतरी उंच इमारती पडल्या. पुष्कळ इमारतींत खाली मोटारी ठेवायला नुसते बारीक खांब होते, काहींचे बांधकामच हलके होते. पण लांबून आलेल्या सावकाश लाटा उंच इमारतींना जास्त झोंबल्या, हेही एक कारण होतेच.

आता ताल चढला तर उतरवायचा कसा? इथे ते टांगलेले ओझे कामाला येते.

सांगून कळणार नाही. मी दोरी आणली आहे, आणि दोन कांदे आणले आहेत. हसू नका. चांगले पातीचे कांदे आहेत, बांधायला सोपे. ही आडवी दोरी मी या दोन खिळ्यांना बांधली, जरा सैलसर. तिच्यावरून दोन सुतळ्यांनी हे दोन कांदे खाली सोडले. दोन्ही सुतळ्या सारख्या लांबीच्या. मोजून घेतल्या आहेत. दोन्ही कांदे स्थिर आहेत. मावशी, तुम्ही पुढे या. या डाव्या कांद्याला हलकासा धक्का द्या. आपल्याकडून भिंतीकडे. हं, बस्स.

आता गप्प राहून बघा. डावा कांदा डुलतो आहे. उजव्याला कोणी हात लावलेला नाही. पण तोही थोडा डुलू लागला. आता जास्त. आणि डाव्याकडे बघा. त्याचे डुलणे कमी होत चालले. उजवा आता जोरात आहे. डावा? डावा जवळजवळ थांबला!

कोणी थांबवला त्याला? उजव्या कांद्याने. त्याने डाव्याचे डुलणे आपल्या अंगावर घेतले. आडव्या दोरीतून ते त्याच्याकडे गेले. एरंडोल तालुक्यात फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. एक हलवला की दुसरा हलतो, असे जुने लोक सांगत. ही जात तीच.

आता मी उजव्याची सुतळी अर्धी आखूड करतो. मावशी, पुन्हा धक्का द्या. बघा. उजवा नुसता चुळबुळ करतो. डावा आपला डुलतोच आहे. थांबत नाही. का? दोघांचा ताल आता वेगळा आहे. ताल जुळला तरच एकाचे डुलणे दुसरा घेतो. गवयाच्या मागे तंबोरा जसा सुरात लावून घ्यावा लागतो, तसे हे ओझे इमारतीच्या तालात लावून घ्यावे लागते. इंजिनिअर लोक त्याला ट्यून्ड मास डॅम्पर म्हणतात. वाळू वाहतो तो डंपर नव्हे. डॅम्पर म्हणजे हेलकावा जिरवणारा. ट्यून्ड म्हणजे सुरात लावलेला. आपण त्याला तालाचे ओझे म्हणू.

पण थांबा. सुतळी पुन्हा सारखी केली आहे आणि मघापासून कांदे डुलत आहेत. बघा, काय झाले? थांबलेला डावा पुन्हा डुलू लागला! उजव्याने घेतलेले त्याला परत केले. हे काही बरे नाही. इमारतीचे डुलणे ओझ्याने घेतले आणि थोड्या वेळाने परत दिले, तर काय उपयोग?

म्हणून आणखी एक गोष्ट लागते. मी उजव्या कांद्याला खाली एक चिंधी बांधतो. चिंधीचे टोक या परातीतल्या पाण्यात बुडवतो. मावशी, आता द्या धक्का. डाव्याचे डुलणे उजव्याकडे गेले. उजव्याची चिंधी पाण्यात ओढली जाते. पाणी त्याला अडवते. डुलणे पाण्यात जिरले. आता ते परत फारसे येत नाही. दोन्ही कांदे शांत.

मोटारसायकलच्या चाकाजवळ दांडा असतो ना, शॉकअब्सॉर्बर? त्यात तेल असते. खड्ड्याचा धक्का ते तेल गिळते, आणि तेल किंचित तापते. मोठ्या इमारतीत ओझ्याला असेच तेलाचे मोठे दांडे लावतात. आपली चिंधी आणि परात, तेच काम. डुलण्याची ऊब होते आणि संपते.

ही युक्ती नवी नाही. जर्मनीतल्या हेरमान फ्राम नावाच्या माणसाने १९०९ साली यासाठी पेटंट मागितले. त्याला जहाजांचे डोलणे आणि यंत्रांची थरथर कमी करायची होती. पुढे उंच इमारती आल्या. अमेरिकेत न्यूयॉर्कला १९७७ च्या सुमारास एका इमारतीच्या माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलावर सरकेल असा बसवला.

सगळ्यांत गाजलेले ओझे आहे तैवान देशात. तैपेई शहरात १०१ मजल्यांची इमारत आहे. उंची ५०८ मीटर. तो देश भूकंपाचाही आणि समुद्री वादळांचाही. इमारत २००४ साली पुरी झाली. तिच्या ९२ व्या मजल्यापासून ८७ व्या मजल्यापर्यंत पोलादी दोरांवर एक गोळा टांगला आहे. पोलादाच्या जाड चकत्या एकावर एक रचून तो केला. आडवा मोजला तर साडेपाच मीटर. वजन ६६० टन. आपल्या हिशेबाने सांगतो. कांद्याची एक ट्रॉली तीस क्विंटलची धरा. २२० ट्रॉल्या कांदा एका दोरीला टांगला, असे समजा. गोळ्याखाली तेलाचे दांडे आहेत. लोक तिकीट काढून तो बघायला जातात.

ऑगस्ट २०१५ मध्ये तिथे मोठे वादळ आले, तेव्हा तो गोळा मीटरभर हलला. ३ एप्रिल २०२४ रोजी सकाळी त्या देशात फार मोठा भूकंप झाला. दुसऱ्या भागात इमारती कलल्या, डोंगर ढासळले, माणसे गेली. तैपेईतली ती इमारत डोलली, आत गोळा डोलला, आणि इमारत शाबूत राहिली. पण सगळे श्रेय गोळ्याला देऊ नका. तिचा पाया खोल आहे, खांब भक्कम पोलादी आहेत. गोळा नसता तरी ती पडली नसती, असे मला वाटते. गोळा हेलकावा कमी करतो, वरच्या माणसांना भोवळ येऊ देत नाही, सांध्यांवरचा ताण हलका करतो. पायाचे काम पायाने करायचे आणि खांबाचे काम खांबाने.

सरदारांच्या पुतळ्यातली वजनेही मुख्यतः वाऱ्यासाठी आहेत. वारा तासन् तास लोटतो. ओझ्याला ताल धरायला वेळ मिळतो. भूकंपाचे तसे नाही. लांबून सावकाश आलेला भूकंप असेल तर तालाचे ओझे बरेच काम करते. पण धक्का जवळचा असेल तर? तुम्ही आत्ता पाहिले. उजव्या कांद्याला डुलणे घ्यायला किती झोके लागले? सात-आठ तरी लागले. जवळचा धक्का काही सेकंदांत घर पाडून मोकळा होतो. ओझे जागे होईपर्यंत काम संपलेले असते.

म्हणजे किल्लारीच्या घरांवर अशी वजने टांगली असती, तरी ती माणसे वाचली नसती. मग ती कशाने वाचली असती? त्याचे उत्तर माझ्या आईच्या घरात आहे.

लातूरहून मी परत आलो. घरी पोचलो, हातपाय धुतले आणि वर पाहिले. आमचे घर धाब्याचे. तुळया, त्यावर सरे, त्यावर किलचन आणि वर खारी माती. दर पावसाळ्याच्या आधी आमचे आजोबा माती चढवत. मग वडील चढवू लागले. मग मी. जुनी काढायची कोणी नाही, नवी चढवायची सगळ्यांनी. मी पट्टीने मोजले. एक फूट जाडी होती. आईची खोली पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद. म्हणजे दीडशे घनफूट माती. एक घनफूट माती पंचेचाळीस किलोला कमी भरत नाही. गुणाकार तुम्हीच करा, तुम्हांला आता येतो. साडेसदुसष्ट क्विंटल होतात.

मी आईला म्हणालो, "आई, ही माती काढू."

आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी चढवलेली माती आहे. शंभर पावसाळे या घराने पाहिले. उन्हाळ्यात तुमच्या स्लॅबच्या घरात जीव घाबरा होतो. इथे माठातल्यासारखे गार असते. कुरडया-पापड कुठे वाळवू? मी काही काढू देणार नाही."

तिचे खोटे नव्हते. धाब्यासारखे गार घर दुसरे नाही. मी सरकारी पुस्तिका वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली आणि भाकरी थापायला गेली. असे दीड वर्ष गेले.

मग एका उन्हाळ्यात आमचा कांदा निघाला. अंगणात गोण्या रचल्या. पंचेचाळीस किलोची एकेक गोणी. मी मजुरांना म्हटले, दीडशे गोण्या एका जागी रचा. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, आईच्या खोलीएवढ्याच जागेत. मग आईला बाहेर बोलावले. म्हटले, "आई, तू रोज रात्री याच्याखाली झोपतेस."

ती त्या गोण्यांकडे बघत राहिली. मग घरात जाऊन वर धाब्याकडे बघत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "काढ बाबा."

आम्ही माती उतरवली. तुळया ठेवल्या, त्या चांगल्या सागवानी होत्या. वर पत्रे टाकले. पत्र्याखाली बांबूचे तट्टे लावले. तरी घर तापतेच. आईने शेवटपर्यंत दर वैशाखात मला त्यावरून बोल लावले, आणि मी ऐकून घेतले.

भिंतीचे काम त्याहून महत्त्वाचे होते. एका कोपऱ्यातला दगड काढला, तर आत तेच. दोन तोंडे आणि मध्ये गोटे-माती. किल्लारीनंतर सरकारने घरे मजबूत करण्याच्या पद्धती गावोगाव सांगितल्या होत्या. आमच्या गवंड्याने त्याच केल्या. भिंतीत दर तीन फुटांवर आरपार भोक पाडले. त्यात सळईचा तुकडा घातला आणि काँक्रीट भरले. दोन्ही तोंडे एकमेकांना बांधली गेली. मग छपराच्या खाली, चारी भिंतींवरून, कुठेही न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा घातला. त्यात सळया होत्या. कोपऱ्यावर सळई वळवून पुढच्या भिंतीत नेली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना? धाव काढली तर आरे निसटतात, चाक विस्कटते. हा पट्टा म्हणजे घराची धाव. चार भिंती वेगवेगळ्या हलायच्या, त्या आता एकजुटीने हलतात.

खर्च झाला. पण नवीन घराच्या मानाने थोडा झाला. नवीन बांधकामात तर हे काम फारच स्वस्तात होते. गवंड्याला आधी सांगावे लागते इतकेच. न सांगितले तर तो पट्टा गाळतो, कारण कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, मालेगावला कुठे भूकंप होतो? किल्लारीचे लोकही असेच म्हणत असतील. १९६७ साली ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. त्याआधी तो भागही भक्कम खडकाचा म्हणून निर्धास्त मानला जाई. आपल्या जिल्ह्यात कळवण, दिंडोरीकडे अधूनमधून बारीक धक्के बसतात. पेपरात येते. आता तुम्ही पेपर वाचता, तेव्हा लक्ष ठेवा.

आता आपल्या भावाच्या टाकीकडे येऊ.

परवा त्याने मला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो खरोखर हुशारीचा होता. तो म्हणाला, "गुरुजी, टाकीतले पाणी हिंदकळते. मग ते तालाचे ओझे नाही का होत?"

होऊ शकते. काही उंच इमारतींवर पाण्याच्याच टाक्या अशा कामासाठी बांधतात. पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, आणि आतल्या जाळ्यांना आपटून शांत होते. पण तिथे टाकीची लांबी आणि पाण्याची खोली इंच-इंच मोजून धरलेली असते. खोली बदलली की ताल बदलतो. तुझ्या टाकीत सकाळी पाणी गळ्यापर्यंत, दुपारी घरच्यांनी धुणे धुतले की निम्मे, आणि संध्याकाळी तळाला. तिला कोणता ताल लावणार? शिवाय तुझे घर भरभर थरथरणारे. टाकीतले पाणी सावकाश हिंदकळणारे. आखूड सुतळीचा कांदा आणि लांब सुतळीचा कांदा. एकाचे दुसऱ्याला लागणार नाही.

तेव्हा ती टाकी म्हणजे नुसते ओझे. दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन हजार किलो, वीस क्विंटल. तेही माडीच्या वर, म्हणजे जिथे ओढ सगळ्यांत जास्त. आणि माडी कशावर? खालच्या भिंती त्याच्या वडिलांच्या वेळच्या आहेत. मातीत रचलेल्या. मी विचारले, पट्टा आहे का? तो म्हणाला, माहीत नाही.

टाकी अजून दुकानातच आहे, एवढे बरे आहे. पैसे दिलेले आहेत, पण दुकानदार लहान टाकी बदलून द्यायला तयार आहे. दोनशे लिटरची वर आणि मोठी खाली जोत्याशेजारी, असे मी सुचवले. मोटर आहेच त्याच्याकडे, दिवसातून दोनदा चालवावी लागेल. बायको कुरकुर करील म्हणतो. करू दे. माझी आई वीस वर्षे करत होती.

उद्या सकाळी आठ वाजता मी त्याच्याकडे जाणार आहे. गवंड्यालाही बोलावले आहे. कोपऱ्यातला एक दगड काढून भिंतीच्या आत काय आहे ते बघू, आणि मग टाकीची जागा ठरवू. ज्यांची घरे तशीच जुनी आहेत त्यांनीही यावे. येताना पट्टी आणा, आणि हिशेबाची वही आणा.

मावशी, ते कांदे तसेच राहू द्या. पोरांना दाखवा आधी, मग भाजीत घाला.